आमचा गळा, त्यांचं कपाट



शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण पुरं वाचून घाला. मधेच पान टाकून ‘हा म्हातारा धंद्याचं बोलतोय’ म्हणालात, तर तुमच्यात आणि त्या कॅसेटवाल्यात फरक काय राहिला? त्यानंही माझ्या बापाचं पुरं ऐकून घेतलं नव्हतं.

माझा बाप खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. राहायला बोपोडी. दिवसा दारूगोळ्याच्या पेट्या उचलायचा, रात्री गाण्याची पेटी वाजवायचा. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धाची मूर्ती बसवली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. माझ्या आज्याबरोबर बोपोडीहून चालत गेला आणि चालत आला. येताना पाय सुजले, पण डोक्यात गाणं आलं. ते पहिलं. मग गाणी थांबलीच नाहीत. कारखान्यातल्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर लिहायचा. माझ्या आईनं त्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. शेरभर तांदूळ मावेल एवढा डबा, आणि त्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य.

त्याची गायन पार्टी होती सात जणांची. तो स्वतः पेटीवर, एक ढोलकीवाला, एक बेंजोवाला, एक झांजवाला, मागं कोरसला दोघं बाप्ये आणि माझी चुलती. चुलतीचा आवाज असा, की बिनमाईकची गायली तरी रेल्वे लायनीच्या पलीकडं ऐकू जायची.

१९८६ साली मी अठरा वर्षांचा. टापकीर गल्लीत एका दुकानात कॅसेटी कॉपी करायच्या मशीनवर होतो. एका कॅसेटच्या चार करायच्या, चाराच्या सोळा. दुकानात एका कंपनीचा माणूस यायचा. चौदा एप्रिल जवळ आलेला. मला म्हणाला, तुमच्यात कोणी गाणारं आहे का रे, भीमगीतांची कॅसेट काढायचीय. ‘तुमच्यात’ हा शब्द त्यानं कसा उच्चारला ते माझ्या कानात अजून आहे. तरी मी हरखलो. पळत घरी गेलो.

सहा तासांत आठ गाणी. चुलतीला माईकपासून चार हात लांब उभं केलं. आवाज फाटतो म्हणे. बापानं बारा गाणी नेली होती. त्यातली जमीनदारावरची, पेशवाईवरची, गावकीवरची चार बाजूला काढली. ही चालायची नाहीत, म्हणे, पाळणा घ्या, जन्माचं घ्या, दुःखाचं घ्या. आमचं रडणं विकाऊ आणि आमचा राग बिनविकाऊ, हे मला त्या सहा तासांत कळलं. शेवटी स्टॅम्पपेपर पुढं आला. वरचा मजकूर इंग्रजी. बापानं खाली मराठीत सही ठोकली आणि सातशे रुपये घेतले. सात माणसं, सातशे रुपये. माणशी शंभर. हिशेब चोख होता हे मी मान्य करतो.

कॅसेट आली. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली कंपनीचं नाव ठसठशीत. कडेला मुंगीएवढ्या अक्षरात बापाचं नाव ‘आणि पार्टी’. आणि त्याखाली काय लिहिलं होतं सांगू? ‘गीत-संगीत : पारंपरिक’.

पारंपरिक! माझा बाप जिवंत, धडधाकट, संध्याकाळी पाचला भोंगा झाल्यावर सायकल मारत घरी येणारा. त्याच्या चिठ्ठ्यांवरची शाई वाळायची होती, आणि तो पारंपरिक झाला. म्हणजे बेवारस. उकिरड्यावर सापडलेलं. आमच्या माणसानं लिहिलं की ते लोकांचं, आणि त्यांच्या माणसानं लिहिलं की ते त्याचं. हीच ती परंपरा.

२००९ साली बाप गेला. डबा आधीच गेला होता, एका पावसाळ्यात नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा. राहिली फक्त ती कॅसेट. घरातली घासून घासून मेली होती. दुसरी मला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सापडली, वीस रुपयांत, नळाच्या तोट्या आणि फुटक्या घड्याळांच्या मधे. २०१९ साली माझ्या पोरानं ती मोबाईलमध्ये घेतली आणि आजोबाचा फोटो लावून लोकांसाठी टाकली. आठ दिवसांत नोटीस. ह्या आवाजाचा मालक दुसरा आहे. पोरगं मला विचारतंय, ‘पप्पा, आजोबाच्या आवाजाचा मालक कोण?’

काय सांगू? सातशे रुपये.

हे रडगाणं सांगायला मी स्टेन्सिल कापलेला नाही. रडणं विकाऊ असतं हे वर सांगितलंच. मला भांडायचंय, आणि कंपनीशी नंतर. आधी तुमच्याशी. आपल्याशी.

१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. त्याची जाहिरात, पैसे मोजून द्यायला तयार असताना, ह्याच पुण्यातल्या ‘केसरी’नं छापली नाही. बाबासाहेबांनी काय केलं? केसरीच्या नावानं गळा काढत बसले? १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ काढला, १९३० ला ‘जनता’, १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’. आणि नुसता कागद काढला नाही, छापखाना उभा केला. भारत भूषण प्रिंटिंग प्रेस. कारण त्या माणसाला ठाऊक होतं, लेख तुमचा आणि छापखाना त्याचा असेल, तर शेवटचा शब्द त्याचाच.

पुढं साठ-सत्तरच्या दशकांत तेच झालं. प्रस्थापित मासिकांनी आमच्या पोरांच्या कविता परत पाठवल्या. ‘भाषा अशुद्ध’, ‘विषय अभिरुचीस धरून नाही’. मग पोरांनी काय केलं? ‘अस्मितादर्श’ निघालं, राजा ढालेंचं ‘येरू’ निघालं, गल्लीगल्लीतून चार-चार पानांची अंकं निघाली. हाताला शाई लावून, रोलर फिरवून. त्या शाईतनंच १९७२ ला पँथर उठला. आज तुम्ही हे पान वाचताय तेही त्याच वाटेनं तुमच्या हातात आलंय. कोणा संपादकाच्या बापाची परवानगी घेतलेली नाही.

आता मला सांगा, शब्दासाठी आम्ही हे केलं. गाण्यासाठी काय केलं?

आपली चळवळ गाण्यावर वाढली, हे भाषणात सगळे म्हणतात. ते खरंच आहे. सत्यशोधकी जलसे झाले. मग तिसाव्या दशकापासून नाशिकच्या भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबर, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं जुनी माणसं सांगत. वामनदादा कर्डक, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, हजारो गाणी लिहून २००४ साली गेला. झोळी घेऊन महाराष्ट्र तुडवला. जिथं मुक्काम तिथं गाणारं पोरगं हेरायचं, त्याला गाणं द्यायचं, चाल द्यायची, पुढं जायचं. आज ज्याला रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणतात ना, त्याचं निम्मं काम वामनदादांनी आयुष्यभर केलं. उरलेलं निम्मं, म्हणजे मशीन, मास्टर आणि करार, ते दुसऱ्याच्या हातात राहिलं. त्यामुळं दादांची गाणी सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडात, आणि दादांची झोळी शेवटपर्यंत झोळीच.

आणि आपण काय केलं? सभेत गायकाला कुठं ठेवलं, आठवा. नेत्याची गाडी येईपर्यंत गा. धुरळा दिसला की थांब. साहेब आले, उतर खाली. माझा बाप कितीदा अर्ध्या अंतऱ्यावर उतरलाय. साहित्य संमेलनात कवी स्टेजवर खुर्चीत, शाहीर मंडपाच्या कडेला सतरंजीवर. आपल्या शिकलेल्या लोकांनाही गाणाऱ्याची लाजच वाटली. छापलेलं ते साहित्य, गायलेलं ती करमणूक. अरे, ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्या झोपडीत बाबासाहेब कोणी पोचवला? तुमच्या समीक्षेनं?

शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात काय ते देवालाही ठाऊक नाही, कारण आपल्याला देव नाही. आणि त्याच मंडळाच्या त्याच जयंतीला डीजेच्या भिंतीला सुपारी किती? मला आकडे लिहायचे नाहीत, तुमच्या मंडळाची वही तुम्हीच उघडा. रात्रभर छाती हादरवून सकाळी ती भिंत ट्रकात बसून निघून जाते. मागं काय राहतं? कानात शिट्टी. त्या एका रात्रीच्या पैशात एका पार्टीची आठ गाणी नीट रेकॉर्ड झाली असती, नावानिशी, शंभर वर्षं राहतील अशी.

आता ‘नीट रेकॉर्ड’ म्हणजे काय, आणि हा प्रोड्यूसर नावाचा प्राणी काय करतो, ते सांगतो. आपल्याकडं निर्माता म्हटलं की पैसेवाला शेठ डोळ्यापुढं येतो. तो नव्हे. रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणजे चार कच्ची पोरं वस्तीत वाजवताना ऐकतो आणि थांबतो तो. वीस गाण्यांतली सहा निवडतो. जे गाणं धारदार आहे तेच आधी घेतो. माईक कुठं ठेवायचा ते ठरवतो, म्हणजे माझ्या चुलतीला लांब उभं करत नाही, तिच्या आवाजासाठी माईक हलवतो. हलगीची पहिली थाप आणि गिटारची तार एकमेकांना खाणार नाहीत हे बघतो. ढोलकीवाल्याची रोजी बुडते ती भरून देतो. पहिली रेकॉर्ड आपटली तर दुसरी काढतो. आणि कागद करतो. गीत कोणाचं, चाल कोणाची, आवाज कोणाचा, वाटा कोणाचा. रेकॉर्ड गाजल्यावर हार घालायला सगळे येतात. तो आधी येतो.

असं कोणी असतं का? असतं.

चेन्नईला बघा. सिनेमावाला पा. रंजित. त्यानं आणि तेन्मा नावाच्या संगीतकारानं मिळून वस्त्यावस्त्यांतली पोरं गोळा केली. गाना गाणारी, मयतीपुढं वाजवणारी, रॅप करणारी, परई बडवणारी. शे-दीडशे जणांना ऐकून त्यातले एकोणीस निवडले. रियाझ घेतला. ६ जानेवारी २०१८ ला पहिला कार्यक्रम झाला. नाव ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’. पंडित अयोथी दासांनी जातविहीन तमिळ म्हणून जी हाक दिली होती, तिच्यातनं घेतलेलं. रंजितचं नीलम कल्चरल सेंटर मागं उभं. जो गाना मयतीच्या पैशावर जगायचा, तो नाव-गाव घेऊन स्टेजच्या मधोमध आला. त्यातली इसैवाणी, बायकांना ज्या गान्यात जागा नव्हती तिथं उभी राहिलेली पोरगी, २०२० ला बीबीसीच्या जगातल्या शंभर बायकांच्या यादीत गेली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शबरीमलाबद्दलच्या तिच्या जुन्या गाण्यावरून लोक तिच्या अंगावर आले, तेव्हा नीलमनं जाहीर पत्रक काढून तिची बाजू घेतली. प्रोड्यूसरचं हेही काम आहे. टाळ्यांच्या वेळी मागं आणि दगडांच्या वेळी पुढं.

त्याच बँडमधला अरिवु. २०२१ साली त्याचं ‘एंजॉय एंजामी’ जगभर वाजलं. सिलोनच्या मळ्यांत राबून परत आलेल्या, वितभर जमीन नसलेल्या त्याच्या आजीची गोष्ट. त्यानंच लिहिलं, त्यानंच गायलं, बरोबर धी नावाची गायिका. पण ते गाणं निघालं दुसऱ्याच्या लेबलवर. त्या ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’चं मुखपृष्ठ आलं. त्यावर धी होती, दुसरा एक गायक होता, अरिवु नव्हता. रंजितनं बोंब मारल्यावर मग मासिकाला अरिवु दिसला. आणि २०२४ साली त्या गाण्याचा संगीतकार संतोष नारायणन स्वतः म्हणाला, त्या लेबलकडून आम्हाला कमाई मिळालीच नाही. कळलं? १९८६ ची माझ्या बापाची कॅसेट आणि २०२१ चं जगभर वाजलेलं गाणं, मधे पस्तीस वर्षं. तरी प्रश्न तोच, कपाटाची किल्ली कोणाकडं?

पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. त्यांचा ब्लॅक पँथर १९६६ चा, आपला १९७२ चा. चांगलं केलं. पण त्याच काळ्या माणसांची दुसरी एक गोष्ट आपण घेतली नाही. बेरी गॉर्डी. डेट्रॉइटमध्ये मोटारीच्या कारखान्यात राबलेला गडी. १९५९ साली घरच्यांनी महिन्याला पैसे टाकून चालवलेल्या फंडातून, म्हणजे आपल्या भाषेत भिशीतून, त्यानं आठशे डॉलर कर्ज उचललं आणि रेकॉर्ड कंपनी काढली. मोटाऊन. एका साध्या घरात स्टुडिओ. आसपासच्या वस्तीतली पोरंपोरी आणली, त्यांना उभं राहायला, बोलायला, नाचायला शिकवलं. स्टीव्ही वंडर हा आंधळा पोरगा अकरा वर्षांचा होता, तेव्हा त्याला घेतला. गोऱ्या अमेरिकेला काळ्याचं गाणं काळ्याच्या दुकानातनं विकत घ्यायला लावलं.

आता तुमच्यातला डावा दोस्त बोट वर करणार. म्हणणार, म्हणजे आपला भांडवलदार तयार करायचा का? बरोबर विचारलंस. उत्तर देतो. गॉर्डी काही बोधिसत्त्व नव्हता. ज्यांनी त्याला गाजलेली गाणी लिहून दिली ती हॉलंड-डोझियर-हॉलंडची तिकडी पैशावरून भांडून कोर्टात गेली. मार्विन गेनं १९७१ ला युद्धावर आणि पोलिसांच्या मारावर गाणं आणलं, तर गॉर्डीलाच ते नको होतं. आणि १९८८ ला त्यानं कंपनी सहा कोटी दहा लाख डॉलरला विकून टाकली. म्हणजे काय, आपला म्हणून तो साधू असतो असं नाही. जातभाईच्या कपाटालाही कुलूप असतं. म्हणून मी म्हणतो, माणूस आपला एवढ्यावर भागत नाही. कागद आपला पाहिजे. किल्ली एकाच्या कनवटीला नको.

दुसरा दोस्त म्हणणार, काका, कशाला कंपनी न् फंपनी? मोबाईल आहे. ताडीवाला रोडच्या पोरानं घरात बसून करून दाखवलं. हो, दाखवलं. एमसी स्टॅन आपल्या पुण्याचा, त्याच वस्तीतला, २०२० ला त्याचा ‘तडीपार’ आला, २०२३ ला टीव्हीवरची ती ‘बिग बॉस’ची स्पर्धा जिंकला. मला त्याचं कौतुक आहे. वस्तीचं नाव लपवलं नाही त्यानं. पण त्या एकाच्या मागं तसल्याच दहा बाय दहाच्या खोल्यांत किती पोरं गाणी करून बसलीत, ती मोजलीत का? मोबाईलनं दार उघडलं, हे कबूल. पण दारातनं आत गेल्यावर तिथंही हिशेब आहे, करार आहे, नोटीस आहे. माझ्या पोराला नोटीस आली ती मोबाईलवरच आली. एकटा सुटतो तो नशिबानं. चळवळ नशिबावर चालत नाही.

आणि ह्याच शहरात दुसरं गाणं कसं जपलं गेलं तेही बघा. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून. कर्वे रोडवर अलूरकर म्युझिक हाऊस होतं, शास्त्रीय गाणाऱ्यांच्या कॅसेटी नीट छापून, नाव-गाव-रागासकट काढायचं. डिसेंबर २०१० मध्ये कोरेगाव पार्कात एनएच सेव्हनचा जलसा सुरू झाला, नव्या इंग्रजी बँडांसाठी चार-चार स्टेजं. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या माणसांनी त्यांच्या गाण्याची काळजी घेतली, ह्यात चूक काय? माझा सवाल एवढाच, की त्याच पुण्यात कासेवाडी, ताडीवाला रोड, बोपोडी, येरवडा, दांडेकर पूल इथल्या गळ्यांची काळजी कोणी घेतली?

पोलिसांनी घेतली. २००२ साली गुजरातच्या दंगलीनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. शीतल साठे, सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर, ही वस्त्यांतून पुढं आलेली पोरं. डफ घेऊन गायची, बस्स. २०११ ला एटीएसनं त्यांच्यातल्या काहींना उचललं, बाकीचे भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ ला शीतल, पोटुशी असताना, सचिनसोबत विधानभवनासमोर येऊन हजर झाली. सचिन, सागर, रमेश ह्यांना जामीन मिळायला २०१७ चा जानेवारी उजाडला. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सागर, रमेश आणि ज्योती जगताप ह्यांना एनआयएनं आत टाकलं. आपल्याकडं नव्या बँडाची दखल घेणारी संस्था कोणती, तर ही.

ह्या पोरांचा आवाज तुम्हाआम्हाला नीट ऐकायला कुठं मिळतो? आनंद पटवर्धनांच्या ‘जयभीम कॉम्रेड’मध्ये, २०११ चा सिनेमा. तो सिनेमा कशातनं सुरू झाला? ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मारली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरेनं फास लावून घेतला. पटवर्धनांनी घोगरेला त्याआधीच आपल्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना टिपलं होतं. म्हणून घोगरे आज गातो. कोणीतरी मशीन चालू केलं होतं, म्हणून. पण एका सिनेमावाल्याच्या भल्या मनावर आपल्या शाहिरांचं जगणं-मरणं किती वर्षं टांगून ठेवायचं? घोगरेसारखे आणखी किती गेले, ज्यांच्यापुढं कोणी मशीन धरलं नाही?

आणि प्रल्हाद शिंदे. आषाढीला पंढरपुरात कुठल्याही दुकानापुढं उभे राहा, त्यांच्या आवाजातला विठ्ठल कानावर पडतो. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा कुठं त्या देवळाचं दार आमच्यासाठी उघडलं. आणि पुढं त्याच देवाला उठवायला आमच्याच माणसाचा गळा लागला. भोंग्यातनं आवाज गाभाऱ्यात गेला, त्याला कोणी जात विचारली नाही. कारण आवाज विकत घेतलेला होता. विकत घेतलेल्या वस्तूला विटाळ नसतो. हा आमचा सन्मान समजू नका. आमची भीमगीतं आणि आमची विठ्ठलगीतं एकाच कपाटात, एकाच किल्लीखाली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

मग करायचं काय? मी चार गोष्टी सांगतो. भाषण नाही, काम सांगतो.

पहिली. कायदा वाचा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कागदावर लिहून मागता येत नाही. लिहून घेतला तरी तो कागद चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मरणानंतर साठ वर्षं टिकतो. अण्णाभाऊ १९६९ ला गेले, त्यांचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. वामनदादांचा २०६४ पर्यंत. आपल्यात वकील झालेली पोरं ढिगानं आहेत. चौदा एप्रिलला कोट घालून फोटो काढता, एक दिवस वस्तीतल्या गायकांचे जुने कागद घेऊन बसा.

दुसरी. ‘पारंपरिक’ हा शब्द आपल्या गाण्यापुढं आला की विचारायचं, कोण परंपरा? नाव काय तिचं? राहते कुठं? ज्या गाण्याचा कर्ता ठाऊक आहे त्याचं नाव स्टेजवरून आधी घ्यायचं, मग गायचं. रॅप करणाऱ्या पोरांनाही सांगतो. वामनदादांची ओळ उचलता, उचला, पण नाव घेऊन उचला. नाहीतर तुम्हीही कॅसेटवालेच.

तिसरी. भिशी. आठशे डॉलर काही शेठनं दिले नव्हते. प्रत्येक मंडळानं डीजेच्या पैशातला एक हिस्सा रेकॉर्डिंगच्या भिशीत टाकायचा. वर्षाला एक बँड, एक गायन पार्टी आणि एक म्हातारा गाणारा, तिघांचं काम करायचं. मास्टर तीन ठिकाणी ठेवायचा. गाणाऱ्याकडं एक, भिशीकडं एक, आणि बुद्धविहाराच्या कपाटात एक. कोणा एकाच्या नावावर नाही, माझ्यासुद्धा. आणि ज्यांना माइकामागं बसायची हौस आहे अशी पोरं-पोरी हेरायची. सगळ्यांनाच नेता व्हायचंय, सगळ्यांनाच गायचंय. ऐकणारा कोणी व्हायचंय का? ऐकणं हेही चळवळीचं काम आहे, आणि त्याला हार पडत नाहीत हे आधीच सांगतो.

चौथी. रागाची गाणी आधी. जी चार गाणी माझ्या बापाच्या हातातनं बाजूला काढली, ती कुठंच नाहीत. कॅसेटवर नाहीत, डब्यात नाहीत. पाळणा राहिला. पाळणाही चांगला होता, पण आमचा बाप नुसता पाळणे लिहिणारा नव्हता, हे आता मी कोणाला पटवून देऊ?

ती चारही गाणी आज एकाच ठिकाणी आहेत. माझ्या चुलतीच्या डोक्यात. सात जणांच्या पार्टीतली तेवढी एकच उरलीय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, दम लागतो, मधला एखादा शब्द सुटतो आणि मग अर्ध्या तासानं भाकरी थापताना एकदम आठवतो. परवा मी तिला म्हटलं, काकू, गाशील का? म्हणाली, ‘गाईन की. पण माईक जवळ ठेवा आता. मागं लई लांब ठिवला व्हता.’

येत्या रविवारी सकाळी दहाला बोपोडीत आमच्या घरी बसणार आहोत. ढोलकीला वस्तीतलं एक पोरगं आहे, पेटी बापाचीच आहे, भाता शिवून घेतलाय. मशीनही आहे. बरा माईक तेवढा नाही. ज्याच्याकडं असेल त्यानं घेऊन या. वायर लांब आणा, खोलीत प्लग एकच आहे.

जयभीम.